पऱ्हाटीच्या वावरातून कॅन्सरच्या रिपोर्टकडे

मोठे बाबांच्या गालातून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला, तो आधी घरातल्या तिघांनी वाचला, मग कृषी केंद्रवाल्यानं वाचला, आणि शेवटी माझ्याकडे आला, कारण मी अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. एका पानाचा कागद. वर नाव, वय, केस नंबर. खाली ठळक अक्षरांत एकच ओळ: मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, डाव्या गालाची आतली बाजू. घडीवर चुन्याचं बोट उमटलं होतं. म्हणजे रिपोर्ट घेऊन एसटीनं घाटंजीपर्यंत येता येता तंबाखू-सुपारीचा एक खर्रा झालाच होता.

"कॅन्सर हाय, हे तं समजलं," मोठे बाबा म्हणाले. "पन थो डॉक्टर म्हने जीन्स बिघडले. आपल्या घरात तं कोनालेच नोयता हा रोग. मंग जीन्स कायचे बिघडले? अन् पोरालेबी होईन का?"

प्रश्न दोन होते आणि दोन्ही बरोबर जागी लागणारे होते. मी शाळेतल्यासारखी सुरुवात केली. पेशी, केंद्रक, गुणसूत्रं. दोन मिनिटांत मोठी आई उठून चहाला गेली आणि मोठे बाबा वावराकडे पाहायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसानं चाळीस वर्षं कपाशी केली आहे, बीटी पाहिली आहे, गुलाबी बोंडअळी पाहिली आहे. जीन, म्युटेशन आणि जीन कामाला लागणं या तिन्ही गोष्टी त्यांच्या वावरात होऊन गेल्या आहेत. नावं तेवढी कुणी सांगितली नाहीत. मग मी पऱ्हाटीपासून सुरू केलं. तेच इथं लिहितो, थोडं भर घालून.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो, म्हणजे प्रोटीन. ते बोंडअळीच्या पोटात गेलं की आतड्याला चिकटतं, आतड्याला भोकं पडतात, अळी मरते. हे प्रथिन कसं बनवायचं याची कृती जिवाणूच्या डीएनएमध्ये लिहिलेली असते. शास्त्रज्ञांनी तेवढा मजकूर उचलला आणि कपाशीच्या डीएनएत बसवला. तो मजकूर म्हणजे जीन. आपल्या पुस्तकांत त्याला जनुक म्हणतात. भारतात या कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, आणि पाकिटावरचं 'बीटी' गावागावांत पोचलं. जीन म्हणजे नेमकं काय, हे मात्र पाकिटाबरोबर पोचलं नाही.

माणसाचंही असंच. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो, उलगडून सरळ केला तर सुमारे दोन मीटर लांब. त्यावर चारच अक्षरं, पण ती तीन अब्जांहून जास्त वेळा एकापुढे एक लिहिलेली, आणि हा सगळा मजकूर दोन प्रतींत: एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्यात प्रथिनं बनवण्याच्या कृती, म्हणजे जीन्स, साधारण वीस हजार. सगळ्या मजकुराच्या जेमतेम एक-दोन टक्के. बाकीच्यातला बराचसा भाग कुठली कृती कधी वाचायची, किती वाचायची, हे ठरवायला मदत करतो. कॅन्सर समजायचा तर हे 'कधी आणि किती' फार महत्त्वाचं आहे, आणि पेपरातल्या बातम्यांत नेमकं तेच गळून जातं.

मोठे बाबांना मी विचारलं, बीटी लावूनही बोंडात अळी का निघायची? सुरुवातीच्या वर्षांत, जेव्हा अळी अजून बीटीला मरत होती, तेव्हाही? ते म्हणाले, "उशिराच्या बोंडात निघे. पानावर नाई सापडे." बरोबर. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हेच मोजून २००५ साली छापलं होतं. झाडाच्या प्रत्येक पेशीत बीटीचा जीन तोच, अक्षर न अक्षर तोच. पण पानात विषारी प्रथिन भरपूर, बोंडाच्या सालीत आणि फुलातल्या अंडाशयात कमी. शिवाय झाड जसजसं म्हातारं होतं तसतसं ते घटत जातं. साधारण ११० दिवसांनंतर ते इतकं खाली येत होतं की अळीला पुरेसं लागू पडत नव्हतं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून कापूस, घेऊ नका म्हणून कृषी सहायक जे ओरडतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

जीन हजर आहे पण त्याचं काम कमी चाललं आहे, या गोष्टीला पुस्तकी मराठीत जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. हा शब्द ऐकला की वर्गातली पोरं कविता आली असं समजतात. मी 'जीन कामाला लागणं' म्हणतो. पेशी आधी त्या जीनची एक कच्ची नक्कल काढते, तिला आरएनए म्हणतात, आणि त्या नकलेवरून प्रथिन बनतं. सातबारा मूळ दप्तरात राहतो, आपण त्याची नक्कल घेऊन बँकेत जातो, तसं. किती नकला निघतात, त्यावर काम ठरतं. एकही निघाली नाही तर जीन असून नसल्यासारखा.

आता गालाकडे या. गालाच्या आतल्या अस्तराची पेशी आणि यकृताची पेशी यांतला डीएनए एकच. तरी एक चपटी होऊन थरावर थर रचते, दुसरी पित्त बनवते. दोघींनी वेगवेगळी पानं उघडून ठेवली आहेत आणि बाकीची बंद केली आहेत. बंद करण्याची एक रीत म्हणजे डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक ठिपके चिकटवणं. असे ठिपके जीनच्या सुरुवातीलाच गर्दीनं बसले तर त्या जीनची नक्कल निघणं थांबतं. अक्षर एकही बदललेलं नसतं.

इथं रिपोर्टातला तो अवघड शब्द उलगडतो. डिफरन्शिएटेड म्हणजे आपला धंदा शिकलेली, वळण लागलेली पेशी. गालाच्या अस्तरात नवी पेशी खालच्या थरात जन्मते, वर सरकता सरकता चपटी होते, केराटिन नावाचं चिवट प्रथिन भरते आणि शेवटी गळून पडते. दोन-तीन आठवड्यांत सगळं अस्तर नवं होतं. तिखट खाऊन सोललेलं तोंड चार दिवसांत बरं होतं ते या चपळाईमुळेच. कॅन्सरची पेशी हे वळण विसरत जाते. वाढायचे जीन्स जोरात, शिकायचे जीन्स मंद. सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टर पाहतात की या पेशी अजून किती प्रमाणात गालाच्या पेशींसारख्या वागतात. बरंच वळण शिल्लक असेल तर 'वेल', अजिबात नसेल तर 'पुअरली', आणि मध्ये 'मॉडरेटली'. म्हणजे मोठे बाबांच्या पेशी शाळा अर्धवट सोडलेल्या. हे मी त्यांना असंच सांगितलं, ते हसले, आणि हसताना तोंड पुरतं उघडलं नाही ते मला दिसलं.

तोंड का उघडत नव्हतं, त्याकडे येतो. पण आधी म्युटेशन.

पेशी दुभंगते तेव्हा सगळा डीएनए नव्यानं उतरवावा लागतो. दोन्ही प्रती मिळून सहा अब्जांवर अक्षरं. तलाठ्यानं जुना फेरफार उतरवताना एखादं नाव चुकवावं तशा चुका इथंही होतात, पण पेशीकडे तपासनीस कडक असतात. सगळी दुरुस्ती झाल्यावर अब्ज अक्षरांमागे एखादीच चूक उरते. चूक राहिली की ती पुढच्या प्रत्येक नकलेत जाते. ही राहिलेली चूक म्हणजे म्युटेशन, उत्परिवर्तन. बहुतेक म्युटेशनचं काही होत नाही, ती मजकुराच्या अशा जागी पडते की कुणाला फरक पडत नाही. पण १९८२ साली अमेरिकेतल्या संशोधकांना मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत रास या घराण्यातल्या एका जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं सापडलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ, आणि त्या एका अक्षरामुळे माळेतला बारावा मणी बदलला होता. मणी एकच, पण नेमका तिथला. रासचं प्रथिन म्हणजे पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारं बटण. निरोग्या पेशीत ते दाबलं जातं आणि लगेच परत वर येतं. तो मणी बदलला की बटण दाबलेलंच राहतं. मोटारपंपाचा ऑटो स्विच चिकटला आणि रात्रभर पाणी चालू राहिलं, तसं.

खर्रा यात कुठं बसतो? पानठेल्यावर पाहिलंच असेल: सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, प्लास्टिकवर घोटून घोटून एकजीव केलेलं, पन्नीत बांधून वर रबर. तंबाखूचं पान सुकवताना आणि मुरवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात. ती शरीरात जाऊन डीएनएच्या अक्षरांना चिकटतात. चिकटलेलं अक्षर नक्कल करणाऱ्याला दुसरंच दिसतं आणि तो चुकीचं अक्षर लिहून मोकळा होतो. चुना तोंडातला क्षार वाढवतो, त्यामुळे निकोटीन चटकन रक्तात जातं, किक लवकर बसते. शिवाय चुन्यानं अस्तर चरचरून सोलतं. सोललं की भरून काढायला पेशी अधिक दुभंगतात. दुभंगणं जास्त म्हणजे नक्कल जास्त, आणि चुकायची संधी जास्त. ही पन्नी गालाच्या एकाच कोपऱ्यात तासन्‌तास, दिवसातून आठ-दहा वेळा, वीस-तीस वर्षं. मोठे बाबांची गाठ डाव्या गालात आहे. खर्रा ते डावीकडेच ठेवायचे.

आणि सुपारी. "तंबाखू नाई, नुसती सुपारी खातो," असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीतला अरेकोलीन अस्तराखालच्या पेशींना कोलॅजेन नावाचे चिवट तंतू बनवायला उचकवतो. तिथल्या कोलॅजेनच्या जीन्सचं काम वाढतं, तंतूंचा गठ्ठा साचतो, गाल चामड्यासारखा कडक होतो. निरोगी माणसाच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी मावतात. मोठे बाबांची दीड मावत होती. जेवताना भाकर दुधात कुस्करून घ्यायची सवय त्यांना लागली होती ती का, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. वय झालं, दात गेले, असं सगळ्यांनी धरलं.

एका म्युटेशननं कॅन्सर होत नाही, हे इथंच सांगायला हवं. पेशीत वाढायची बटणं आहेत तसे थांबवणारे राखणदारही आहेत. राखणदाराच्या जीनच्या दोन प्रती असतात, त्यामुळे बहुतेक वेळा एक गेली तरी दुसरी सांभाळून घेते. दोन्ही जाव्या लागतात. अल्फ्रेड नुडसन या डॉक्टरनं १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून हा हिशेब मांडला. राखणदारांमध्ये सगळ्यात मोठा टीपी-५३. डीएनए तुटला-फुटला की हा पेशीला थांबवतो, दुरुस्ती होऊ देतो, आणि दुरुस्तीपलीकडे गेलं असेल तर पेशीला मरायला लावतो. जगातल्या सगळ्या कॅन्सरपैकी साधारण निम्म्यांत हाच मोडलेला सापडतो. हत्तीकडे या जीनच्या जवळपास वीस जोड्या आहेत, माणसाकडे एकच. एवढं अवाढव्य शरीर, इतक्या पेशी, तरी हत्तीला कॅन्सर कमी होतो, त्याचं हे एक कारण मानलं जातं. गडचिरोलीत आता जंगली हत्ती येऊन राहिलेत, धान तुडवतात म्हणून लोक वैतागलेत, पण या एका बाबतीत त्यांचा हेवा करावा असं आहे.

आता मोठे बाबांचा दुसरा प्रश्न: पोराला होईल का?

जीन्सचा आजार आणि आनुवंशिक आजार या दोन गोष्टी आपल्याकडे एकच समजल्या जातात. त्यातून लग्नं मोडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत कधीकधी एखाद्या झाडाची एकच फांदी वेगळी निघते. फळ लवकर येतं, किंवा सालीचा रंग वेगळा, किंवा बी कमी. त्या फांदीच्या सुरुवातीच्या एका पेशीत म्युटेशन झालेलं असतं, आणि पुढची सगळी फांदी त्या पेशीपासून वाढलेली असते. बाकीच्या झाडाला त्याचा पत्ता नसतो. शेजारच्या फांदीचं कलम बांधलं तर जुनंच झाड येतं. मोठे बाबांच्या गालातली गाठ ही अशी वेगळी निघालेली फांदी आहे. ते म्युटेशन गालात जन्मलं आणि गालातच राहणार. बीजात, म्हणजे ज्या पेशींपासून मूल होतं त्यांत, ते जाऊ शकत नाही. त्यांचा पोरगा जन्मला तेव्हा तर ते नव्हतंच.

काही कॅन्सर खरोखरच घराण्यातून येतात. ब्राका-१ आणि ब्राका-२ या जीन्समधली बिघडलेली प्रत आईकडून किंवा बापाकडून मिळाली तर स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका बराच वाढतो. तिथं झाड उगवतानाच एक राखणदार कमी असतो. पण सगळे कॅन्सर मिळून पाहिले तर असे शंभरात पाच ते दहाच. खर्ऱ्याचा कॅन्सर त्यात मोडत नाही. हे सांगितल्यावर मोठी आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग मी पोराच्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवलं. पन्नीचं रबर बाहेर डोकावत होतं. त्याच्या गालात स्वतःची वेगळी फांदी फुटायला घराण्याची गरज नव्हती.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो सांगायला बोंडअळीइतकं चांगलं उदाहरण नाही. २०१७ साली आपल्या भागात काय झालं ते सगळ्यांना आठवतं. डोमकळ्या, म्हणजे नीट न उमललेली, आवळलेली फुलं दिसली, बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, रुई पिवळी. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माणसंही गेली. 'बियाणं बोगस निघालं' असं गावोगाव म्हटलं गेलं. पण त्याआधीच अळी बदलली होती. बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यात ज्या खुंटीला अडकतं, त्या खुंटीचं प्रथिन बनवणाऱ्या जीनमध्ये बिघाड झालेल्या अळ्या भारतात सापडल्या. आणि बिघाड एकाच तऱ्हेचा नव्हता. कुठं जीनच मोडलेला, कुठं आरएनएची नक्कल जोडतानाच तुकडे गाळलेले. खुंटी नाही तर विष अडकणार कुठं? अशा अळ्या सुरुवातीला लाखांत एखादी. पण सगळीकडे बीटी, वर्षानुवर्षं बीटी, फरदडीत उन्हाळ्यापर्यंत बीटी. बाकीच्या मरत गेल्या आणि त्या एकीच्या लेकरांना सगळं वावर मोकळं झालं.

म्युटेशन अळीला शहाणं करत नाही. ते आपोआप, कुठंही, कसंही होतं. कोण जगेल ते वावर ठरवतं. गालातही अगदी हेच. लाखो पेशींत बारीकसारीक म्युटेशन झालेली असतात. त्यातली एखादी शेजारणीपेक्षा थोडी भराभर वाढते, तिची लेकरं पसरतात, त्यातल्या एखादीला दुसरं म्युटेशन लागतं. पीटर नॉवेल या शास्त्रज्ञांनी १९७६ साली कॅन्सरकडे असं पाहायला शिकवलं: गाठ म्हणजे बदलत जाणारी, निवडली जाणारी पेशींची वस्ती. त्याच्याही आधी, १९५३ साली, स्लॉटर या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे ७८३ रुग्ण तपासले होते. गाठीच्या भोवतालचं, वरून बरं दिसणारं अस्तरही आतून बिघडायला लागलेलं असतं, असं त्यांना आढळलं. या गोष्टीला त्यांनी जे इंग्रजी नाव दिलं, त्यात 'फील्ड' हा शब्द आहे. फील्ड म्हणजे वावरच. एकच झाड रोगट नसतं, वावरच बिघडलेलं असतं. म्हणून सर्जन गाठीभोवतीचं चांगलं दिसणारं अस्तरही काढतात, त्याला मार्जिन म्हणतात. "एवढा गाल कायले कापला?" हा नातेवाइकांचा नेहमीचा राग असतो. आणि ऑपरेशन चांगलं होऊनही खर्रा सोडला नाही तर दुसऱ्या गालात नवी गाठ येऊ शकते, ती पहिलीची पिल्लू नसते, स्वतंत्र असते.

आपल्याच लोकांच्या गालातली म्युटेशन कुणी वाचली आहेत का? वाचली आहेत, आणि ते काम भारतातच झालं. नवी मुंबईतलं टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांनी गाल-हिरड्यांच्या कॅन्सरचा डीएनए वाचला. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी ५० रुग्णांच्या गाठींतला जीन्सचा भाग सगळा वाचला, मग आणखी ६० रुग्णांत पडताळला. टीपी-५३ अपेक्षेप्रमाणे होताच. कॅस्पेज-८ होता, तो पेशीला मरायचा हुकूम पुढे पोचवतो. नॉच-१ होता, तो अस्तराच्या पेशींना वळण लावण्यात भाग घेतो, म्हणजे रिपोर्टातल्या त्या 'डिफरन्शिएटेड'शी त्याचा थेट संबंध. तेच चिकटणारं रासचं बटणही काही रुग्णांत होतं. आणि परदेशातल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या यादीत तोवर न दिसलेले काही जीन्सही सापडले.

या यादीचा इलाजाला उपयोग काय, तर इथं खरं बोलायला हवं. चिकटलेलं बटण बंद करणारं औषध करता येतं. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक नवंच बटण तयार होतं. ते बंद करणारी इमॅटिनिबची गोळी २००१ साली आली, आणि जो रोग काही वर्षांत जीव घ्यायचा त्यात माणसं रोज गोळी खाऊन वीस-वीस वर्षं जगायला लागली. पण खर्ऱ्याच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा बटण चिकटण्यापेक्षा राखणदार हरवलेले असतात. नसलेली गोष्ट बंद कशी करणार? हरवलेला राखणदार परत आणणं फार अवघड, त्यावर जगभर काम चालू आहे, पण आज मोठे बाबांसाठी मुख्य इलाज ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन, हाच आहे.

जीन कामाला लागण्याचा उपयोग मात्र आत्ताही होतो. तोंडाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाचं, वाढीचे निरोप झेलणारं प्रथिन पेशीवर गरजेपेक्षा खूप जास्त असतं. गंमत अशी की त्याच्या जीनमध्ये अक्षर बदललेलं क्वचितच सापडतं. मजकूर ठीक, नकला अतोनात. या प्रथिनाला झाकणारं सेटुक्सिमॅब नावाचं औषध काही रुग्णांना दिलं जातं, पण ते महाग आहे आणि सगळ्यांना लागू पडत नाही. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये तर २१ जीन्सच्या आरएनएच्या नकला मोजून केमो लागेल की नाही हे ठरवता येतं. केमो टळलेली बाई म्हणजे नागपूरच्या किती खेपा टळल्या, हे एसटीनं ये-जा करणाऱ्यालाच कळेल.

मोठे बाबा हे सगळं ऐकत होते, मध्ये मध्ये गालावरून हात फिरवत. औषधाला कॅन्सरच्या पेशी नंतर का जुमानत नाहीत, हे त्यांना सांगावं लागलं नाही. "थे तं अळीसारखंच," ते म्हणाले.

अळीसारखंच आहे, आणि हे शास्त्रज्ञांनाही किडींवरूनच सुचलं. फ्लोरिडातले रॉबर्ट गेटन्बी हे कॅन्सरवर संशोधन करणारे डॉक्टर. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग एकामागून एक कीटकनाशकं पचवत गेला, ती गोष्ट त्यांनी २००९ साली कॅन्सरच्या संदर्भात मांडली. त्यांचं म्हणणं असं: पूर्ण जोर लावून औषधाला मरणाऱ्या सगळ्या पेशी मारल्या की न मरणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. त्यापेक्षा काही मरणाऱ्या पेशी मुद्दाम शिल्लक ठेवा, त्या न मरणाऱ्यांना जागा देणार नाहीत. पुढे प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरच्या मोजक्या रुग्णांवर हे करून पाहिलं. गाठीचा अंदाज देणारं पीएसए नावाचं रक्तातलं प्रथिन निम्म्यावर आलं की औषध थांबवायचं, पुन्हा वाढलं की सुरू करायचं. २०१७ सालच्या अहवालात रुग्णांचा आजार नेहमीपेक्षा जास्त काळ आटोक्यात राहिला, आणि औषध निम्म्याहून कमी लागलं. प्रयोग लहान होता, तो जास्त रुग्णांवर तपासला जातोय, आणि तो पसरलेल्या कॅन्सरसाठी आहे. मोठे बाबांसारख्या, काढून बरं करता येणाऱ्या गाठीला हे लागू नाही. स्वतःच्या मनानं औषध थांबवणं तर सोडूनच द्या. मी हे दोनदा सांगितलं, कारण त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती.

"म्हंजे थे छोटं पाकीट," ते सावकाश म्हणाले.

बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं पाकीट यायचं. बांधाच्या कडेनं लावायचं, म्हणजे विषाला मरणाऱ्या साध्या अळ्याही जगतील, न मरणाऱ्यांशी त्यांचा संकर होईल, आणि लेकरं पुन्हा मरणारी निघतील.

मोठी आईनं चहाचे कप उचलले. "ते पाकीट," ती म्हणाली, "आपन एकबी साल लावलं नाई. कोठ्यात पडले हायेत अजून."